पाण्यात दिसणारे धनाजी



आमच्या पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. १७०८ साली त्यांचा मृत्यू वडगावी झाला. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका तुम्ही चौथीच्या वर्गापासून ऐकत आला असाल. मोगलांचे घोडे पाण्यावर नेले की बिचकत, पाण्याला तोंड लावीत नसत. मग स्वार त्यांना दटावीत, ‘काय रे, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय?’ ही गोष्ट कितपत खरी याचा निकाल इतिहासाच्या अभ्यासकांनी लावावा. मला ती गेल्या वर्षी आठवली ती मात्र एका संगणकापुढे उभा असताना.

गावाजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. नववीच्या चार मुलामुलींनी संगणकावर कुस्तीचा खेळ तयार केला होता. कोल्हापूर जिल्ह्यातली मुले, ती दुसरा कोणता खेळ करणार म्हणा! पडद्यावर लाल मातीचा हौदा, त्यात दोन मल्ल, एकाचा लंगोट लाल, दुसऱ्याचा निळा. दोन खेळाडूंना दोन गेमपॅड, म्हणजे दांडा आणि कळा असलेले हातात धरायचे नियंत्रक. जो दुसऱ्याला हौद्याबाहेर ढकलील तो जिंकला. परीक्षक आले तेव्हा दोन्ही नियंत्रक टेबलावर नुसते ठेवलेले होते. कोणी बोटही लावले नव्हते. तरीही लाल लंगोटवाला पैलवान हळूहळू डावीकडे सरकू लागला आणि आपला आपणच हौद्याबाहेर जाऊन पडला. परीक्षक हसले, ‘तुमचा मल्ल घाबरट दिसतो’ म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. ‘सर, आम्ही हातबी लावला न्हाई,’ असे त्या गटातली एक मुलगी काकुळतीने सांगत राहिली. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या टेबलावर विज्ञान म्हणून जे काही होते ते त्या एका वाक्यात होते, आणि तेच ऐकून घेतले गेले नाही.

संगणकाला आज्ञा कशी द्यावी हे आपण मुलांना शिकवतो. त्याने काय ऐकू नये हे मात्र शिकवीत नाही. माझ्या मते हे अर्धेच शिक्षण झाले, आणि या लेखात मला त्याविषयीच तक्रार करायची आहे.

पुढच्या शनिवारी त्या मुलांना घेऊन बसलो. पहिले काम एकच केले: नियंत्रक संगणकाला काय सांगतो ते आकड्यांत पडद्यावर छापून पाहिले. दांडा पूर्ण डावीकडे म्हणजे उणे १, पूर्ण उजवीकडे म्हणजे अधिक १ आणि मधोमध म्हणजे शून्य, अशी ही मोजणी असते. दांडा सोडून दिल्यावर शून्य यायला हवे होते. येत होते उणे ०.११, मग उणे ०.१३, मग पुन्हा उणे ०.१२. आणि मुलांच्या आज्ञावलीत लिहिले होते, ‘आकडा शून्यापेक्षा कमी असेल तर मल्लाला डावीकडे न्या.’ यंत्राने हुकूम तंतोतंत पाळला होता. पाण्यात धनाजी दिसले, घोडा बिचकला. घोड्याचा त्यात काय दोष?

हे उणे ०.१२ येते कोठून? जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचे बटण फिरवताना खरखर होते, ती तुमच्या आजोबांनी ऐकलेली आहे. त्या बटणामागे चलरोध असतो: कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची जीभ. बऱ्याच गेमपॅडच्या दांड्याखाली असे दोन चलरोध असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जीभ घासून घासून पट्टी झिजते, तिच्यावर धूळ बसते, दांडा मध्यावर आणणारी स्प्रिंग ढिली पडते. मग हात काढला तरी ‘थोडेसे डावीकडे’ असा निरोप जातच राहतो. घासणारा भागच नको म्हणून काही नियंत्रकांत चुंबक आणि हॉल परिणामावर चालणारा संवेदक वापरतात. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ साली शोधला. सेगा कंपनीच्या १९९८ मधल्या ड्रीमकास्ट यंत्राच्या नियंत्रकातही चुंबकच होते.

बाजारात शहाणे गिऱ्हाईक तराजू उचलला की आधी रिकामी पारडी बघते. एक पारडे खाली झुकत असेल तर वाणी दुसऱ्या बाजूला पासंग लावतो. आम्हीही प्रथम तेच केले. खेळ सुरू होताना दांडा मोकळा असतानाचा आकडा नोंदवायचा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून तो वजा करायचा. मल्ल पुष्कळसा शांत झाला, पण थरथरत राहिला, कारण मोकळ्या दांड्याचा आकडाच स्थिर नव्हता. तेव्हा दुसरा उपाय केला. शून्याच्या आजूबाजूला ०.२ पर्यंतचा पट्टा निष्क्रिय ठरवला. त्यातले काहीही ऐकायचे नाही. खेळाडू याला डेडझोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या नियंत्रकांसाठी लिहिणाऱ्यांना सुचवलेला डाव्या दांड्याचा पट्टा ३२७६७ पैकी ७८४९ इतका आहे, म्हणजे दांड्याच्या प्रवासाचा जवळजवळ चोवीस टक्के भाग सरळ फेकून द्यायचा!

इथे मुले खूश झाली आणि मी त्यांना थांबवले. कारण नको ते गाळताना हवे तेही थोडे गाळले जाते, आणि किती गाळले याचा हिशेब ठेवला पाहिजे. पट्टा ०.२ चा असेल तर ०.१९ ला मल्ल निश्चल, आणि ०.२१ ला एकदम एकवीस टक्के वेगाने धावू लागतो. मंद चाल नावाची गोष्टच संपली. उपाय साध्या अंकगणिताचा आहे. आकड्यातून ०.२ वजा करा आणि उरलेल्याला ०.८ ने भागा. आता ०.२१ चे ०.०१२५ होते, ०.६ चे ०.५ होते आणि १ चा १ च राहतो.

दुसरा धडा पायथागोरसचा. आडवा आणि उभा असे दोन्ही आकडे वेगवेगळे तपासले तर निष्क्रिय पट्टा चौकोनी होतो. दांडा कर्णाच्या दिशेने आडवा ०.१५, उभा ०.१५ असा सरकवला तर दोन्ही ०.२ पेक्षा कमी, म्हणून काहीच होत नाही. पण मध्यापासूनचे खरे अंतर वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढून पाहा: ०.२१२ भरते. दांडा पट्ट्याच्या बाहेर गेलेला आहे, खेळाडूने मनापासून ढकललेला आहे. पट्टा गोल हवा. ‘पायथागोरस कशाला शिकायचा?’ असे विचारणाऱ्या त्या चौघांपैकी एकाने हे सूत्र स्वतःच्या हाताने आज्ञावलीत घातले, याचा मला झालेला आनंद लपवत नाही.

मल्ल थांबला, पण कुस्ती अजून बिघडलेलीच होती. ‘पकड’ची कळ एकदा दाबली तर पाच-सहा पकडी होत. संगणक सेकंदाला साठ वेळा विचारतो, ‘कळ दाबलेली आहे काय?’ माणसाचे बोट कळेवर दहाव्या हिश्शाइतका सेकंद तरी राहते. तेवढ्यात सहा वेळा ‘होय’ असे उत्तर मिळते. विचारायला हवे होते ते, ‘मघाशी दाबलेली नव्हती आणि आता आहे काय?’ मागचे उत्तर लक्षात ठेवले की झाले. शिवाय धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले की काही मिलिसेकंद टपटप उडतात, चेंडू जमिनीवर उडावा तसे. म्हणून पुष्कळ यंत्रांत कळ बदलल्यावर थोडा वेळ तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय केलेली असते.

आता दोन नियंत्रकांचा प्रश्न. प्रदर्शनाच्या दिवशी एकाची वायर निघाली, ती पुन्हा जोडली आणि लाल मल्ल निळ्याच्या मुलाच्या हाती गेला! मुलांनी ‘पहिला नियंत्रक तो लाल’ असे धरले होते; पण पहिला कोण हे संगणक जोडणीच्या क्रमाने ठरवतो, आणि तो क्रम बदलू शकतो. कधी कधी काही कळफलक आणि माउससुद्धा स्वतःला खेळाचा दांडा म्हणून जाहीर करतात आणि यादीत तिसरा पाहुणा येऊन बसतो. यावर मला एकच पद्धत रास्त वाटते. खेळाच्या आरंभी म्हणावे, ‘लाल मल्ल कोण? त्याने कळ दाबावी.’ ज्याने दाबली तो लाल. बाकीच्यांचे काही ऐकू नये. नियंत्रक मधेच सुटला तर कुस्ती थांबवावी, दुसऱ्याला फुकटचा विजय देऊ नये. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळांनाही कोणीतरी कळ दाबेपर्यंत नियंत्रक दिसतच नाही, आणि हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

तुम्ही म्हणाल, हे सगळे खेळापुरते आहे. तर मग शेतावर चला. आमच्या भागात उसाच्या विहिरीवरची मोटर आता मोबाइलने चालू करता येते. घरी बसून फोन लावायचा, मोटर सुरू. पण त्या स्टार्टरमधल्या नंबरावर एखाद्याचा रॉंग नंबर लागला तर? मध्यरात्री मोटर चालू होईल, पाणी नसेल तर जळेलही. म्हणून असे स्टार्टर नोंदवलेल्या नंबरांचेच ऐकतात. आता एका विहिरीवर तीन भावांची पाळी असेल आणि तिघांचे नंबर नोंदवलेले असतील, तर एकाने चालू केलेली मोटर दुसरा बंद करतो. हा दोन खेळाडू आणि एक मल्ल असाच प्रश्न आहे. फक्त इथे भांडण पडद्यावर न होता बांधावर होते. शिवाय वीज आली-गेली की स्वयंचलित स्टार्टर लगेच मोटर सुरू करीत नाही, थोडा वेळ थांबतो. वीज खरोखर आली की नुसती डोकावून गेली, हे त्याला पाहायचे असते.

मतदान यंत्राचेही तसेच. १९८२ साली केरळातल्या परवूर इथे ते प्रथम वापरले गेले. मतदाराने एक कळ दाबली की मत नोंदले जाते आणि यंत्र स्वतःला कुलूप लावते. पुढे तीच कळ दाबा की दुसरी, काही उपयोग नाही. मतदान अधिकारी त्याच्या भागावरची कळ दाबून पुढच्या मतदाराला मोकळीक देईपर्यंत यंत्र बहिरे असते. त्या बहिरेपणावर निवडणूक उभी आहे.

नको ते गाळण्याची कला खेळांच्या जुन्या कारागिरांना चांगली अवगत होती. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला, तेव्हा दोघा खेळाडूंना दोन स्वतंत्र पेट्या होत्या. प्रत्येकीला एक फिरवायची खुंटी आणि एक कळ. तिथे घोटाळ्याला फारशी जागाच नव्हती. १९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम हे यंत्र आले तेव्हा मात्र प्रश्न उभे राहिले. या यंत्राच्या नकला १९९० च्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ या नावाने विकल्या जात. घरी विचारून पाहा, बाबांनी नाही तर मामाने तो नक्की खेळलेला असेल.

त्या यंत्राच्या नियंत्रकाला आठ कळा होत्या, आणि आठ वेगळ्या तारांऐवजी एकाच तारेवरून तो ओळीने आठ उत्तरे देई. शेवटचे उत्तर ‘उजवीकडे’ या कळेचे. यंत्र एकेक इशारा देई, नियंत्रक एकेक उत्तर पुढे सरकवी. पण यंत्राच्या मुख्य चकतीत एक दोष होता. ध्वनिमुद्रित केलेला आवाज वाजवायला ती त्याच क्षणी स्मृतीकडे वळली तर नियंत्रकाला कधी कधी एक इशारा जास्तीचा जाई. एक उत्तर हुकले, बाकीची सगळी एक घर पुढे सरकली, आणि संपलेल्या रांगेतून जे ‘होय’ येई ते शेवटच्या जागी पडे. म्हणजे ढोल वाजला की कोणी न दाबता ‘उजवीकडे’ची कळ दाबली जाई! चकत्या तर विकल्या गेलेल्या. मग आज्ञावली लिहिणाऱ्यांनी काय करावे? १९८८ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या खेळात नियंत्रकाची उत्तरे पुन्हा पुन्हा घेतली जातात आणि लागोपाठ दोन वेळा तीच आली तरच मानली जातात. साक्षीदाराला तोच प्रश्न दोनदा विचारणाऱ्या वकिलाची ही युक्ती.

त्याहून सुंदर युक्ती बदके मारायच्या बंदुकीत होती. बंदुकीतून काही सुटत नसे. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा संवेदक होता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. तो प्रकाश बंदुकीला दिसला तर नेम लागला. पण मग हुशार पोराने बंदूक सरळ घरातल्या दिव्यावर रोखली तर? म्हणून तर आधी काळा पडदा! पडदा काळा असताना बंदुकीला उजेड दिसला तर तो बदकाचा असूच शकत नाही, तेव्हा तो नेम फुकट. आहे की नाही गंमत? ज्या क्षणी काहीच दिसायला नको त्या क्षणी मुद्दाम पाहून घ्यायचे. प्रयोगशाळेत आपण ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतो तो हाच, आणि तो लाखो घरांत दूरचित्रवाणीसमोर रोज होत होता.

ज्या शाळांत गेमपॅड नाहीत तिथे एकाच कळफलकावर दोघे खेळतात. त्यातही भूत आहे. कळफलकाखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक कळ एका छेदबिंदूवर बसते. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर वीज आडमार्गाने फिरून चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. वहीत जाळी काढून बोट फिरवून पाहा, लगेच पटेल. हे टाळायला स्वस्त कळफलक अशा वेळी तिसरी कळच मानीत नाहीत. खोट्या साक्षीच्या भीतीने खरा साक्षीदार बाहेर बसवला! माझ्या मते खेळ लिहिणाऱ्याने हे कळफलकावर ढकलून मोकळे होऊ नये. दोन्ही खेळाडूंच्या कळा आधी एकत्र दाबून तपासाव्यात आणि अडखळणाऱ्या कळा बदलाव्यात.

जिथे दोष यंत्र बनवणाऱ्याचा आहे तिथे आज्ञावलीने तो झाकत बसावे काय? याबाबत मी थोडा कडक आहे. निन्टेन्डोच्या स्विच यंत्राच्या नियंत्रकांचे दांडे आपोआप सरकत असल्याबद्दल अमेरिकेत २०१९ साली खटले झाले. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि २०२३ मध्ये युरोपात मुदत संपल्यावरही फुकट दुरुस्ती करून देण्याचे कंपनीने मान्य केले. हे घडले ते ग्राहकांनी ‘आम्ही हात लावला नाही’ हे वाक्य सोडले नाही म्हणून. निष्क्रिय पट्टा वाढवीत नेला असता तर कोणाला काही कळलेच नसते.

माझे एक शिक्षक मित्र म्हणतात, ‘अहो, मुलांना आधी खेळ चालवता तर येऊ दे, हे बारकावे नंतर.’ मला हे पटत नाही. ‘नंतर’ येतच नाही, कारण खेळ चालला की प्रदर्शन संपते. पोहायला शिकवताना श्वास कधी घ्यायचा नाही हे आपण पहिल्याच दिवशी सांगतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे: प्रदर्शनाच्या परीक्षकांना सांगा की त्यांनी प्रत्येक यंत्राची चुकीची कळ मुद्दाम दाबावी, दोन कळा एकदम दाबाव्यात, वायर ओढून पुन्हा लावावी. यंत्र बिचकले तर गुण कापू नयेत. मुलांना ‘हे का झाले?’ एवढेच विचारावे आणि उत्तराला गुण द्यावेत. शंभरापैकी वीस तरी द्यावेत. आमच्या त्या मुलीला मग हसू झेलावे लागले नसते.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र त्या चौघांत अजून सुटलेला नाही. एकाच खेळाडूने डावी आणि उजवी दोन्ही कळा एकदम दाबल्या तर मल्लाने काय करावे? दोघे म्हणतात, उभे राहावे. एक म्हणतो, शेवटी दाबलेली खरी. ती मुलगी म्हणते, पहिली खरी. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली अधिक चिन्हाच्या आकाराची एकच डुलणारी कळ वापरली, तिच्यात हा प्रश्न येतच नाही: एक टोक दाबले की समोरचे वर उचलले जाते. कळफलकावर मात्र तो येतोच, आणि तो पोरखेळ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळाच्या वाल्व्ह कंपनीने, ‘शेवटची खरी’ हा निवाडा खेळाडूच्या वतीने आपोआप करणाऱ्या कळफलकांच्या सोयीवर आपल्या सर्व्हरांवर बंदी घातली. बोटाचे कसब यंत्राने करू नये, असे तिचे म्हणणे. मुलीचा मुद्दा वेगळाच आहे. ‘पैलवानानं एकदा पाय टाकला की टाकला,’ ती म्हणते, ‘मधीच फिरला तर पडंल.’ मी ‘उभे राहावे’च्या बाजूचा आहे, पण तिला अजून पटवता आलेले नाही, आणि खेळाची प्रत तिच्याच संगणकावर असल्यामुळे सध्या वडगावात पहिली कळ खरी आहे.